‘समन्वयाचा अभाव’: एका शब्दप्रयोगाची आणि एका विलीनीकरणाची चिकित्सा



वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्या माणसाला एक शब्दप्रयोग पाठ झालेला असतो. नवा कोरा रस्ता आठ दिवसांत जलवाहिनीसाठी खणला, की बातमीत येतं, ‘दोन खात्यांमधील समन्वयाचा अभाव’. पूल बांधून झाला आणि त्याला जोडरस्ताच नाही, पुन्हा तेच. अपघाताच्या चौकशी अहवालातही तेच. मग समन्वय बैठक होते, चहा होतो, इतिवृत्त लिहिलं जातं, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच बातमी नव्या तारखेसह छापून येते.

या शब्दप्रयोगावर आमचा आक्षेप आहे. तो कारण सांगत नाही, कारण झाकतो. ‘अभाव’ म्हटलं की कुणीतरी काहीतरी करायचं राहून गेलं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पुष्कळदा प्रत्येक खात्याने आपापलं काम नियमाप्रमाणे केलेलं असतं, आणि सगळ्यांच्या नियमाप्रमाणे वागण्यातूनच बिघाड झालेला असतो. खात्यांचे आपसांतले संबंध संस्थेच्या कामगिरीवर नेमका कसा परिणाम करतात, हे समजून घ्यायचं तर ‘त्यांचं जमत नाही’ या पातळीवर थांबून चालणार नाही.

यासाठी आम्ही आज एकच संस्था घेतली आहे, भारतीय रेल्वे. कारण सोपं आहे. तिथे खात्यांमधला बेबनाव फाइलीत राहत नाही, रुळावर उतरतो. आणि दुसरं असं, की या बेबनावावर सरकारने २०१९ मध्ये एक मोठा, धाडसी उपाय जाहीर केला. त्या उपायाची चिकित्सा हा आजचा मुख्य विषय.

आधी शब्दांचा एक खुलासा. मराठीत आपण डिपार्टमेंटलाही विभाग म्हणतो आणि रेल्वेच्या डिव्हिजनलाही विभागच म्हणतो, जसं मध्य रेल्वेचा मुंबई विभाग किंवा भुसावळ विभाग. गोंधळ नको म्हणून आज डिपार्टमेंटला ‘खातं’ म्हणू. अभियांत्रिकी खातं रूळ सांभाळतं, सिग्नल आणि दूरसंचार खातं सिग्नल, विद्युत खातं ओव्हरहेड वायर, आणि परिचालन, म्हणजे ऑपरेटिंग खातं, प्रत्यक्ष गाड्या चालवतं.

रविवारचा मेगाब्लॉक

मुंबईकर श्रोत्यांना मेगाब्लॉक म्हणजे काय, हे सांगायला नको. माटुंगा ते मुलुंड जलद मार्ग बंद, कुर्ला ते वाशी हार्बर बंद. पश्चिम रेल्वेवर त्यालाच जम्बोब्लॉक म्हणतात. आपल्या दृष्टीने तो रविवारचा वैताग. संस्थेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र तो फार मोलाचा प्रसंग आहे, कारण रेल्वेची चारही खाती तिथे एकाच वस्तूसाठी समोरासमोर येतात. ती वस्तू म्हणजे वेळ.

रूळ दुरुस्त करायचा तर त्यावरून गाडी जाता कामा नये. म्हणून अभियांत्रिकी खातं ठरावीक वेळेसाठी मार्ग मागतं. त्यालाच ब्लॉक म्हणतात. तो देण्याचा अधिकार परिचालन खात्याकडे. ओव्हरहेड वायरवर काम करायचं तर वीजपुरवठाही बंद करावा लागतो. रूळ सरकवला तर वायर सरकवावी लागते, पॉइंट बदलला तर सिग्नलची जुळणी तपासावी लागते. म्हणजे कुणाचंच काम एकट्याचं नाही.

आता यात एक शहाणपणाची रीत आहे. एका खात्याला ब्लॉक मिळाला, की इतर खात्यांनी त्याच वेळात, त्याच पट्ट्यात आपली कामं उरकून घ्यायची. रेल्वेत तिला शॅडो ब्लॉक म्हणतात. एकाच्या सावलीत दुसऱ्याचं काम. सावली साधली तर एका रविवारच्या त्रासात तीन कामं होतात. नाही साधली तर तीन रविवार जातात. प्रवासी तोच, रूळ तोच, माणसं तीच, पगारही तेच. फरक फक्त खात्यांनी एकमेकांना आधी विचारलं की नाही, एवढाच. कामगिरी आणि आंतरखाते संबंध यांचं नातं दाखवायला याहून सरळ उदाहरण आम्हाला माहीत नाही.

मे २०२४ च्या अखेरीस ठाण्यात ६३ तासांचा ब्लॉक घेतला होता, आठवत असेल. फलाट क्रमांक ५ रुंद करायचा होता. त्यासाठी रूळ बाजूला सरकवायचा आणि तयार काँक्रीटचे ठोकळे बसवून फलाट वाढवायचा. ऐकायला हे एका खात्याचं काम वाटतं. पण रूळ सरकला की वायर सरकली पाहिजे, सिग्नलची व्यवस्था पुन्हा तपासली पाहिजे, आणि या काळात रद्द केलेल्या शेकडो लोकलचं वेळापत्रक कुणीतरी सांभाळलं पाहिजे. अशी कामं होतात, हेही लक्षात ठेवा. रेल्वेतली खाती एकत्र काम करूच शकत नाहीत, असं आम्ही म्हणत नाही. मोठ्या कामासाठी, वरिष्ठांच्या नजरेखाली, तारीख जाहीर झाल्यावर ती करतात. प्रश्न रोजच्या वीस मिनिटांचा आहे.

दोन घड्याळं

पॉल लॉरेन्स आणि जे लॉर्श या हार्वर्डच्या दोन अभ्यासकांचं ‘ऑर्गनायझेशन अँड एन्व्हायर्न्मेंट’ हे पुस्तक १९६७ मध्ये आलं. त्यांनी प्लास्टिक, डबाबंद खाद्यपदार्थ आणि कंटेनर अशा तीन उद्योगांतल्या दहा कंपन्या तपासल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. खाती वेगळी असतात ती फक्त तक्त्यावर नाही. त्यांची उद्दिष्टं वेगळी, माणसांशी वागण्याची रीत वेगळी, नियमांचा काटेकोरपणा वेगळा, आणि काळाचं भानही वेगळं. संशोधन करणारा वर्षांच्या हिशेबात विचार करतो, कारखान्यातला माणूस आठवड्याच्या.

त्यांचा निष्कर्ष आमच्या मते आजही पुरेसा ऐकला गेलेला नाही. प्लास्टिकसारख्या झपाट्याने बदलणाऱ्या उद्योगात ज्या कंपन्या चांगल्या चालल्या, त्यांच्यात खात्यांमधला फरक कमी नव्हता. तो जास्त होता. आणि त्याच कंपन्यांत खाती जोडणारी व्यवस्थाही भक्कम होती. मतभेद दडपले जात नव्हते किंवा साहेबांच्या हुकमाने मिटवले जात नव्हते, टेबलावर मांडून सोडवले जात होते. वेगळेपण आणि जोड, दोन्ही एकदम लागतात. अर्थात कंटेनरसारख्या संथ उद्योगात एवढं वेगळेपण लागत नाही, हेही त्यांनी नोंदवलं आहे. पण रेल्वे हा काही संथ उद्योग नाही.

हे रेल्वेला लावून पाहू. रुळाचा अभियंता ज्या घड्याळात जगतो, ते महिन्यांचं आणि वर्षांचं घड्याळ. आज रुळात बारीक तडा आहे. तो कदाचित दोन महिन्यांनी वाढेल, कदाचित हिवाळ्यात रूळ आकसला की तुटेल. कंट्रोल ऑफिसमधला सेक्शन कंट्रोलर ज्या घड्याळात जगतो, ते मिनिटांचं. मागून राजधानी येतेय, मालगाडी लूप लाइनवर उभी आहे, आणि यांना आत्ता ब्लॉक हवाय. दोघंही प्रामाणिक, दोघंही हुशार. पण एकाला दिसणारा धोका दुसऱ्याच्या घड्याळात उमटतच नाही.

म्हणून ‘अहंकार सोडा, एकत्र या’ हा उपदेश इथे निरुपयोगी आहे. कंट्रोलरने मिनिटं मोजणं सोडलं तर गाड्या चालणार नाहीत. अभियंत्याने वर्षं मोजणं सोडलं तर रूळ टिकणार नाहीत. दोन्ही घड्याळं चालू राहिली पाहिजेत. प्रश्न असा, की दोन्ही एका भिंतीवर कुठे टांगलेली आहेत?

खतौली

१९ ऑगस्ट २०१७ ची संध्याकाळ. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यात खतौलीजवळ पुरीहून हरिद्वारला निघालेली कलिंग-उत्कल एक्सप्रेस रुळावरून घसरली. डबे एकमेकांवर चढले, एक डबा रुळालगतच्या घरात घुसला. २० पेक्षा जास्त माणसं गेली.

तिथे रुळाचं काम चालू होतं. त्यासाठी ब्लॉक मंजूर झालेला नव्हता. पुढे काम चालू आहे, हळू ये, असा इशारा गाडीच्या चालकाला मिळालेला नव्हता. रूळ दुरुस्तीसाठी वेळ मागितला होता आणि तो मिळाला नाही, असं त्या दिवसांत प्रसिद्ध झालेल्या माहितीतून पुढे आलं. रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू, म्हणजे आपल्या राजापूरचे माजी खासदार. त्यांनीही त्याच आठवड्यात दुसरा अपघात झाल्यावर नैतिक जबाबदारी घेतली आणि काही दिवसांत त्यांचं खातं बदललं.

इथे थांबून एक प्रश्न विचारू. ब्लॉक नसताना रुळावर काम करणं नियमबाह्य आहे, यात वाद नाही. त्या लोकांची चूक होतीच. पण एखादा सुपरवायझर अशी जोखीम का घेत असेल? त्याच्यासमोर खराब रूळ आहे. तो तसाच ठेवला आणि गाडी घसरली, तर दोष त्याच्या खात्याचा. वेळ मागितला, नाकारला गेला, तर नकाराची जबाबदारी मात्र कुणाच्या नावावर पडत नाही. काम अडकलं की दोष त्याचा, काम केलं की गुन्हा त्याचा. संस्थेने एका माणसाला असं कोंडीत उभं केलं, की तो कधीतरी चुकणारच. ही एका माणसाच्या स्वभावाची गोष्ट राहत नाही.

कॅगचा तक्ता आणि त्यात न दिसणारं

गाड्या घसरण्याविषयीचा कॅगचा, म्हणजे महालेखापरीक्षकांचा, अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत मांडला गेला. २०१७-१८ ते २०२०-२१ या काळातल्या १,१२९ चौकशी अहवालांची त्यात छाननी होती. घसरण्याची कारणं त्यांनी खातेवार लावली आहेत. अभियांत्रिकी खात्याशी निगडित ४२२, यांत्रिक खात्याशी १८२, परिचालनाशी २७५, असे ते आकडे. मोलाचा अहवाल आहे, शंका नाही.

पण हा तक्ता टीकाकाराच्या नजरेने वाचला पाहिजे. वरवर वाचणारा म्हणेल, सगळ्यात मोठा दोषी अभियांत्रिकी खातं. त्यात सर्वांत ठळक कारण रुळाच्या देखभालीचं. बरं. मग देखभाल का झाली नाही? त्याच अहवालात दुसरीकडे रूळ-देखभालीची यंत्रं रिकामी का उभी राहिली, याची कारणं दिली आहेत. ३२ टक्के वेळा परिचालन खात्याने ब्लॉक दिला नाही म्हणून. आणि ३० टक्के वेळा विभागांनी ब्लॉकचं नियोजनच केलं नाही म्हणून.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. एका बाजूने मागितलं तेव्हा मिळालं नाही. दुसऱ्या बाजूने मागण्याची तयारीच झाली नाही. जवळजवळ सारखे. कोट्यवधींचं यंत्र साइडिंगला उभं आहे, चालवणारा डबा उघडून जेवतोय, आणि रूळ वाट पाहतोय. या दोन्ही आकड्यांचं घर कुठल्याच एका खात्यात नाही. ते खात्यांच्या मधल्या फटीत राहतात. पण गाडी घसरते तेव्हा नोंद मात्र ४२२ मध्ये जाते, अभियांत्रिकीच्या रकान्यात. आमच्या मते खातेवार तक्त्याची मर्यादा हीच आहे. फटीत घडलेलं त्याला एका बाजूला ढकलावंच लागतं.

रोजच्या वक्तशीरपणाचा हिशेबही असाच चालतो. गाडीला उशीर झाला, की ती मिनिटं कुणाच्या तरी नावावर टाकायची. सिग्नल बिघडला, त्यांच्या नावावर. रुळावर वेगमर्यादा लावली होती, अभियांत्रिकीच्या नावावर. आता हे चक्र पाहा. ब्लॉक मिळत नाही, म्हणून रूळ दुरुस्त होत नाही. दुरुस्त होत नाही, म्हणून सुरक्षेसाठी वेगमर्यादा लावावी लागते. वेगमर्यादेमुळे गाडीला उशीर होतो. आणि तो उशीर ज्याला ब्लॉक नाकारला, त्याच्याच खात्यात लिहिला जातो. अशा हिशेबात सकाळच्या बैठकीला जाणारा अधिकारी काय तयारी करून जाईल? दोष पलीकडे कसा सरकवायचा, याची. त्याला आपण दोष देऊ नये. परीक्षा जशी, तसा अभ्यास.

अपघातानंतर वेगवेगळ्या खात्यांचे सुपरवायझर जागेवर जाऊन संयुक्त टिपण लिहितात. त्यात सही करताना एखाद्याचं मत वेगळं पडलं, की तो स्वतंत्र मत जोडतो. ही सोय चांगली आहे, सत्य बाहेर यायला मदतच होते. पण आम्हाला खटकतं ते दुसरंच. खाती एका कागदावर एकत्र येतात ती अपघातानंतर. अपघाताआधी, ब्लॉक नाकारला जातो त्या क्षणी, असा कागद का नसावा?

एका विलीनीकरणाची गोष्ट

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. रेल्वेतल्या खातेशाहीवर टीका जुनीच आहे. २०१५ मध्ये बिबेक देबरॉय यांच्या समितीने सुचवलं, की वेगवेगळ्या सेवा दोन गटांत आणाव्यात, एक तांत्रिक आणि दुसरा लॉजिस्टिक्सचा. २४ डिसेंबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याही पुढे जाऊन निर्णय घेतला. अ गटातल्या आठ सेवा, म्हणजे वाहतूक, लेखा, कार्मिक, स्थापत्य, यांत्रिक, विद्युत, सिग्नल आणि भांडार, यांची मिळून एकच भारतीय रेल्वे व्यवस्थापन सेवा. रेल्वे बोर्डही खात्यांच्या रेषांवर न ठेवता अध्यक्ष आणि चार सदस्यांचं करायचं: पायाभूत सुविधा, परिचालन आणि व्यवसाय विकास, रोलिंग स्टॉक आणि वित्त. पुढे या एकत्रित सेवेसाठी नागरी सेवा परीक्षेतून भरती सुरू झाली. आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने पाऊल मागे घेतलं. तांत्रिक शाखांसाठी पुन्हा अभियांत्रिकी सेवा परीक्षा, बिगर-तांत्रिक शाखांसाठी नागरी सेवा परीक्षा. सेवेचं नाव एक, पण त्याच्यापुढे शाखा परत आल्या.

या निर्णयाची थट्टा करणं सोपं आहे. आम्ही ती करणार नाही, कारण त्यामागचं निदान खोटं नव्हतं. बोर्डावरची जागा कुठल्या सेवेला, विभागीय व्यवस्थापकाची पदं कुणाला किती, यावरून सेवांमध्ये खरीखुरी चुरस होती. ‘ट्रेन १८’, म्हणजे पुढची वंदे भारत, चेन्नईच्या कोच कारखान्यात २०१८ मध्ये तयार झाली. त्या काळात यांत्रिक आणि विद्युत खात्यांतला वाद वर्तमानपत्रांतून गाजला. त्यामागचं कारण बघण्यासारखं आहे. जुन्या पद्धतीत डबा वेगळा आणि इंजिन वेगळं. म्हणून डबा एका खात्याचा, विजेचं इंजिन दुसऱ्याचं. या नव्या गाडीत इंजिनच नाही, मोटारी डब्यांखाली विखुरलेल्या आहेत. मग गाडी कुणाची? वस्तू बदलली आणि जुनी सीमारेषा बरोबर तिच्या मधून गेली.

तेव्हा भिंती होत्या, हे खरं. आमची टीका उपायावर आहे, आणि ती अशी. आठ सेवांची एक सेवा केल्याने बढतीची स्पर्धा कदाचित कमी होईल. पण खतौलीच्या रुळावर उभ्या असलेल्या सुपरवायझरचा आणि स्टेशन मास्तरचा त्यात काय संबंध? ते दोघं अ गटाच्या सेवेत नव्हतेच. वरच्या मजल्यावरची भिंत पाडली, तळमजल्यावरची फट तशीच राहिली. ब्लॉक मागणारा वेगळा, देणारा वेगळा, मिनिटांचा हिशेब जुनाच.

दुसरं म्हणजे या उपायाने वेगळेपणालाच रोग मानलं. लॉरेन्स आणि लॉर्श यांच्या भाषेत सांगायचं तर जोड बांधायच्या ऐवजी फरक पुसायला निघालो. सिग्नलच्या परिपथाचं ज्ञान काही सामान्य व्यवस्थापकीय कौशल्यातून येत नाही. ते वर्षानुवर्षं त्याच कामात राहून येतं. तांत्रिक शाखा परत आणाव्या लागल्या, यातच त्या गृहीतकाचं उत्तर मिळालं आहे. पाच वर्षं आपण नावाच्या पाटीवर वाद घातला. त्या पाच वर्षांत नाकारलेल्या ब्लॉकचं काय झालं, यावर सार्वजनिक चर्चा मात्र फारशी झाली नाही.

कुणी म्हणेल, विलीनीकरण अपुरं पडलं, आणखी खोलवर करायला हवं होतं. या आक्षेपाला आमचं उत्तर अंधेरीत आहे. गोखले पूल नव्याने बांधला, त्याची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तेव्हा कळलं, की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल आणि नवा पूल यांच्या उंचीत माणूसभर फरक आहे. रेल्वेमार्गावरच्या पुलाची उंची रेल्वेच्या निकषांप्रमाणे वाढली होती, जुना उड्डाणपूल होता तिथेच होता. शेवटी व्हीजेटीआयच्या मार्गदर्शनाखाली जॅक लावून उड्डाणपूल उचलला आणि जुलैमध्ये जोड सुरू झाली. आता यावर उपाय म्हणून महापालिका आणि रेल्वे यांचं विलीनीकरण करायचं का? सीमारेषा कुठेही आखा, कुठेतरी ती असणारच. एक पुसली की दुसरी दिसू लागते. म्हणून सीमा नाहीशी करण्यापेक्षा सीमेवर काय घडतं, याची व्यवस्था लावणं महत्त्वाचं.

जोड कशी असावी

टीका केली की पर्याय सांगण्याची जबाबदारी येते. आम्ही चार गोष्टी सुचवतो. त्या रेल्वेच्या निमित्ताने आहेत, पण कुठल्याही कार्यालयाला लागू पडतील.

पहिली गोष्ट, नकाराची नोंद. ब्लॉक नाकारण्याचा अधिकार कंट्रोलरला असलाच पाहिजे, गाडी खरोखरच येत असते. पण नकार दिला की त्याचं कारण आणि पुन्हा कधी देणार ती वेळ, दोन्ही त्याच्या नावाने लिहिलेली असावीत. नकाराला किंमत नसेल, तर नकार हाच सोपा मार्ग ठरतो. आणि तीच शिस्त मागणाऱ्यालाही. मिळालेला ब्लॉक वाया घालवला किंवा वेळेत मार्ग परत दिला नाही, तर तेही त्याच वहीत.

दुसरी, सामायिक हिशेब. उशिराची मिनिटं आणि मिळालेले देखभालीचे तास, दोन्ही खात्यांच्या प्रगतिपुस्तकात दोन्ही असावेत. कंट्रोलरच्या गुणांत रुळाची तब्येत थोडी तरी यावी. अभियंत्याच्या गुणांत गाड्यांचा वक्तशीरपणा यावा. दोन घड्याळं एका भिंतीवर टांगायची म्हणजे हेच.

तिसरी, सांध्यावर उभा राहणारा माणूस. रेल्वेत विभागीय व्यवस्थापक हे पद याचसाठी आहे. सगळ्या खात्यांचे अधिकारी त्याच्या हाताखाली काम करतात. पण त्यांची तांत्रिक दोरी मुख्यालयातल्या आपापल्या खातेप्रमुखाकडे असते, म्हणजे एका माणसाला दोन वरिष्ठ. लॉरेन्स आणि लॉर्श यांना असंही दिसलं होतं, की जोडणाऱ्या माणसाचं वजन पदापेक्षा जाणकारीतून आलेलं असेल, आणि त्याचा दृष्टिकोन दोन्ही बाजूंच्या मध्ये असेल, तरच तो उपयोगी पडतो. नुसता निरोप्या असेल तर नाही.

चौथी, नियोजनाचं दूरचं टोक. २०२३ च्या अखेरीस रेल्वेने सामान्य नियमांत रोलिंग ब्लॉकची तरतूद केली. देखभालीचे ब्लॉक ५२ आठवडे आधी, सरकत्या पद्धतीने आखायचे. हे पाऊल आम्हाला सेवांच्या विलीनीकरणापेक्षा अधिक महत्त्वाचं वाटतं, जरी त्याची बातमी लहान झाली. कारण ते बरोबर फटीवर बोट ठेवतं. वर्षांचं घड्याळ मिनिटांच्या घड्याळाला आधीच सांगून ठेवतं, की अमुक दिवशी मला तुझी गरज लागेल. अर्थात कागदावरचा आराखडा हा अर्धाच भाग. त्या दिवशी गाडी उशिरा आली तर काय, हे शेवटी दोन माणसांनीच ठरवायचं असतं. तिथे पहिल्या तीन गोष्टी नसतील, तर आराखडा भिंतीवर राहील.

या संदर्भात अनिल काकोडकर यांच्या समितीचीही आठवण होते. २०१२ च्या त्या अहवालात रेल्वेच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र, वैधानिक प्राधिकरण सुचवलं होतं. आजही अपघाताची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, म्हणजे खात्यांच्या बाहेरचा माणूस असावा हे तत्त्व आपल्याला मान्य आहे. फक्त तो बाहेरचा डोळा घडून गेल्यावर उघडतो. रोजच्या नकारांची ती वही त्या डोळ्यासमोर आधी गेली, तर फट आधी दिसेल.

शेवटी

आज हे ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण बँकेत, रुग्णालयात, महापालिकेत, कारखान्यात असतील. ‘आमच्याकडे अमुक खात्यातली माणसंच तशी आहेत’, असं वाक्य उद्या कुणी बोललं, तर आमची विनंती आहे, त्या माणसांचा स्वभाव तपासण्याआधी तीन प्रश्न विचारा. त्यांचं घड्याळ कोणतं आहे आणि तुमचं कोणतं? नकार देण्याची किंमत त्यांना काही मोजावी लागते का? आणि तुमच्या दोघांच्या मध्ये जे घडतं, ते कुणाच्या रकान्यात लिहिलं जातं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कुणाच्याच नाही’ असं आलं, तर बिघाडाचं घर सापडलं असं समजा.

आणि पुढच्या रविवारी मेगाब्लॉकमध्ये कुर्ल्याला अडकलात, तर शेजारच्या बंद मार्गाकडे जरा पाहा. तिथे नारिंगी जाकिटातली माणसं रुळावर वाकलेली असतील आणि वर टॉवर वॅगनवर कुणी वायरपाशी काम करत असेल. दोन्ही एकदम दिसलं, तर समजा की कुणीतरी आधी कुणाला तरी फोन केला होता. त्या फोनला कुठल्याच तक्त्यात रकाना नाही. रुळावर वाकलेल्या माणसाचा जीव मात्र त्याच्यावर अवलंबून असतो, आणि सोमवारी आपण ज्या गाडीत बसणार, तिचाही.

इथेच थांबतो.